वनातली फणी

हे कुणाला खरं वाटणार नाही. वाटूही नये. ज्याला वाटेल त्याला मी स्वतः हाताला धरून वैद्याकडे नेईन. पण झालं ते असं, की मी रंगवलेल्या एका पडद्याला चैत्रात पालवी फुटली. नाटकाचा पडदा होता. मांजरपाटाचा, वीस फूट रुंद, चौदा फूट उंच. आणि नुसती पालवी फुटून थांबली असती तर मी काही बोललो नसतो. त्यातून कासव निघालं, हत्ती निघाला आणि सहाव्या दिवशी फणी निघाली.

"फणी म्हणजे केस विंचरायची?" रेवाने विचारलं. रेवा माझी नात. हळदीकुंकवाला आलेल्या तिच्या दोघी मैत्रिणी ओटीवर आंब्याची डाळ खात बसल्या होत्या, आणि समोरचा माणूस खात असला की उठून जात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

"तीच. लाकडी. भर वनात, जांभळीच्या बुंध्याशी."

आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आमची ही बसली होती, उरलेल्या कैऱ्या किसत. तिने मान वर केली नाही.

तर ऐका. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. कृष्णाकाठच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. सहावीच्या पोरांना फुलदाणी शिकवायची, सातवीच्या पोरांना तीच फुलदाणी सावलीसकट शिकवायची. अशी चार वर्षं काढली आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी राजीनामा देऊन मोकळा झालो. कारण शिदगोंडाअण्णा पाटलांनी मला वनाचा पडदा सांगितला होता.

तेव्हा गावोगावच्या नाटकमंडळींकडे ठरलेले पडदे असत. राजवाड्याचा एक, रस्त्याचा एक, देवळाचा एक आणि वनाचा एक. एवढ्यात सगळं जग बसवायचं. अण्णांचा वनाचा पडदा उंदरांनी खाल्ला होता आणि जत्रा आली होती पौर्णिमेवर. नाटक अण्णांनी स्वतःच लिहिलेलं. राजा राणीला वनात सोडून देतो आणि बारा वर्षांनी, चौथ्या अंकात, तिला परत न्यायला येतो. राजाचं काम अण्णांकडे, वय वर्षं साठ. राणी म्हणजे आमचे तलाठी. कलेसाठी मिशी काढायला तयार झालेला तालुक्यातला पहिला सरकारी माणूस.

"मास्तर," अण्णा म्हणाले, "पडदा आवडला तर आजूबाजूच्या चार गावांचं समदं पडदं तुमच्याकडनंच. न्हाई आवडला तर…"

"तर?"

"तर वन गुंडाळायचं आन घरी न्यायचं. चुलीला हुईल."

हेडमास्तर भला माणूस. राजीनाम्याचा कागद खिशात घालत म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत हा मी वाचलेलाच नाही."

घरी आलो. द्वारका गुढीची काठी पुसत होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिने कडुनिंबाचा डहाळा आणायला सांगितला होता, तो मी तिच्या हातात दिला आणि त्याबरोबरच राजीनाम्याचंही सांगून टाकलं. कडू ते कडू, एकदमच.

ती म्हणाली, "विचारलंत?"

मी म्हणालो, "कुणाला?"

आता मागे वळून बघतो तेव्हा कळतं, की आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण त्यातल्या एकीनेही त्या 'कुणाला'एवढं नुकसान केलं नाही. मी खरंच विचारलं होतं हो! मला खरंच कळलं नव्हतं, की कुणाला विचारायचं असतं.

त्या क्षणापासून घरात अबोला सुरू झाला. अबोला म्हणजे द्वारका बोलत नव्हती असं नाही. खूप बोलत होती, पण मांजराशी. "मने, ताट वाढलंय. ज्याला भूक असेल त्याने यावं." "मने, आंघोळीचं पाणी निवतंय. कलावंतांना गार लागत असेल तर माहीत नाही." मी काही कमी नव्हतो. मीही मनीलाच सांगायचो, "मीठ कमी आहे म्हणावं." मनी बिचारी त्या दोन दिवसांत वाळली.

पाडव्याला जेवताना द्वारका म्हणाली, "मने, एक शब्द म्हटला की झालं. फार नाही, तीन अक्षरांचा आहे. चु पासून सुरू होतो."

मी म्हणालो, "मने, तिला सांग, पडदा हाही शब्द तीनच अक्षरांचा आहे. पडदा नापसंत झाला तर तिचा शब्द म्हणेन आणि सोमवारपासून फुलदाणी शिकवायला जाईन. पसंत झाला तर मी चुकलोच नाही, मग म्हणू कशाला?"

द्वारकेने मनीपुढे दूधभात ठेवला आणि म्हणाली, "बरं, मने."

अशी पैज लागली. माझं सगळं त्या कापडावर आलं.

दुसऱ्या दिवशी मी पडदा अंगणात अंथरला. भिंतीवर टांगून रंगवणारे वेगळे. मी जमिनीवर अंथरून, चिंचोक्याची खळ चढवून, वर अनवाणी चालत, लांब दांड्याच्या कुंचल्याने रंगवायचो. दाराच्या पायरीपासून थेट तुळशीपर्यंत अंगण झाकून गेलं. माणसाला पाय ठेवायला जागा राहिली नाही. तिजेला आजूबाजूच्या बायका हळदीकुंकवाला आल्या, त्याही मागच्या दाराने, गोठ्यातून, साड्यांच्या निऱ्या उचलून. मला हसू आलं. द्वारकेला आलं नाही.

खळ वाळली तशी, तिजेच्या दिवशीच, मी वन धरलं. पिवडी आणि नीळ मिसळून पाच तऱ्हेचे हिरवे केले, गेरूने खोडं उठवली, एक पळस असा पेटवला की कोकिळा येऊन त्यावर बसली आणि रंग ओला म्हणून पाय झटकत उडाली.

"काहीतरीच, आजोबा," रेवा म्हणाली.

"विचार आजीला."

आजी आतून म्हणाली, "पळस नव्हता. पांगारा होता."

तर पांगारा. दुपारी जेवून मी माजघरात आडवा झालो. चैत्रातली दुपार आणि माझी झोप, दोन्ही गाढ. चारला उठून अंगणात आलो. अंगण पूर्वेचं, त्यामुळे दुपार कलली की तिथे सावली. कुंचला उचलला आणि बघतो तर वनाच्या खालच्या अंगाला, गवतात, एक कासव.

पांढरं. तळहाताएवढं. चार पाय, शेपूट, पाठीवर चौकटी.

मी बसलोच. कासव मी काढलं होतं का? आठवेना. काढलं नसेल तर आलं कुठून? पडदा रंगवताना माणूस तंद्रीत असतो, हात आपला चालत असतो, हे खरं. मी माझा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. हात काही बोलला नाही. बरं, कासव वाईट नव्हतं. वनात कासव असू शकतं. मी त्याच्या बाजूला थोडं पाणी केलं आणि त्याला तळं मिळालं.

दुसऱ्या दिवशी चारला उठलो तर हत्ती. वनात हत्तीही असतो. पण मी हत्ती काढला की माझ्या हत्तीला सोंड आधी येते, अंग मागून. हा सगळा एका रेघेत निघालेला, कुठे न थांबता. मी गुडघे टेकून नाक लावून रेघ पाहिली. कुंचल्याची रेघ असेल तर केसांचे ओरखडे दिसतात. इथे एकही नाही. जणू सफेदा आपणहून कापडात उगवला होता.

तिसऱ्या दिवशी सूर्य आणि चंद्र. एकाच आभाळात! डावीकडे हा, उजवीकडे तो. चौथ्या दिवशी गायवासरू. पाचव्या दिवशी मी झोपायच्या आधी कुंचले मोजून ठेवले, रंगांच्या वाट्यांवर ताटल्या झाकल्या, ताटल्यांवर दगड ठेवले. उठलो तर दगड जागच्या जागी, आणि पडद्यावर शंख.

मी गुंडोपंत वैद्यांकडे गेलो. शाळासोबती, आमच्यापासून तिसऱ्या घरात. म्हणालो, "गुंडू, माझा पडदा व्यायला लागलाय."

त्याने नाडी धरली. "किती दिवस झाले?"

"पाच."

"दुपारी झोपेत बडबडतोस का?"

"मला कसं कळणार? घरात माझ्याशी बोलतं कोण?"

"विसू," तो म्हणाला, "उन्हाने डोकं तापलंय. माणूस झोपेत चालतो, तसा तू झोपेत चितारतोस. टाळूवर लोणी थाप आणि सकाळ-संध्याकाळ गुलकंद घे."

"मोरावळा," आतून आवाज आला. "गुलकंद गुंडोपंतांकडे होताच कुठे त्या साली?"

घ्या. मोरावळा. तो चाटत मी घरी आलो, टाळूवर लोणी थापलं आणि आडवा झालो. उठलो तर फणी.

पोरींनो, मला इथपर्यंत सगळं चालत होतं. कासव, हत्ती, गाय, वनात सगळं खपतं. पण फणी? कुठल्या वाघाची? मी घाईने हिरवा कालवला आणि फणीवर पानं काढून ती झाकून टाकली. दुसऱ्या दिवशी चारला उठलो. पानांवर फणी पुन्हा उगवली होती, आधीपेक्षा मोठी, आणि शेजारी कुंकवाचा करंडा.

मग मात्र माझं डोकं चालेना. मी सकाळी एक झाड काढायचो आणि दुपारी वन आपल्या मनाचं काहीतरी काढायचं. पाळणा आला. तुळशीवृंदावन आलं. दोन इवली पावलं आली, आत येणारी. कधी वाटायचं, मी वेडा झालो. कधी वाटायचं, माझ्या अंगात माझ्याहून मोठा चित्रकार शिरलाय आणि तो फक्त दुपारी कामाला येतो. या दुसऱ्या विचाराने मला थोडा मत्सरही वाटला. कारण खरं सांगायचं तर पडदा सुधारत होता. माझं वन नुसतं वन होतं. त्याच्या वनात कुणीतरी राहत होतं.

त्यात एके दिवशी सोनारांची शेळी आत घुसली आणि पडद्यातली करवंदीची जाळी खाऊन गेली. खरी समजून.

"बोकड होता," ही म्हणाली. "आणि सोनारांचा नाही, तांबोळ्यांचा. खळ चाटत होता मेला."

"पण खाल्ली की नाही?"

"खाल्ली," ती म्हणाली आणि पुढची कैरी उचलली.

चतुर्दशी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पडदा बघायला येणार. पडद्यावर तोवर चाळीसेक वस्तू जमल्या होत्या, अर्ध्याअधिक संसारातल्या. आता झाकायचं म्हटलं तर सगळं वनच झाकावं लागलं असतं. मी ठरवलं, आज झोपायचं नाही. जे कोण येतं त्याला बघायचं. मी झोपलो असेन आणि मीच आलो, तर मला तरी बघायचं.

माजघरात आडवा झालो आणि खोटं घोरलो. खोटं घोरणं फार अवघड असतं. थोड्या वेळाने अंगणाकडचं दार करकरलं. मी उठून फटीला डोळा लावला.

द्वारका पडद्यावर उकिडवी बसली होती. पदर खोचलेला, पायांत काही नाही. डाव्या हातात वाटी. वाटीत खळीत कालवलेला सफेदा, घट्ट, चांगला आटवलेला. उजव्या हाताच्या चिमटीतून ती तो सोडत होती, सरळ कापडावर, एका रेघेत, कुठे न थांबता. कुंचला नव्हताच. मी उगाच कुंचले मोजत बसलो होतो! ती रांगोळी घालत होती.

चैत्राच्या तिजेपासून महिनाभर दारापुढे चैत्रांगण काढतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? मधे गौर, आणि भोवती सूर्य, चंद्र, शंख, कासव, हत्ती, गायवासरू, फणी, करंडा, पाळणा, गौरीची पावलं. माझी आई काढायची. मी लहानपणी त्यातल्या हत्तीवर बसायचो आणि मार खायचो. सगळं ठाऊक होतं. पण रांगोळी जमिनीवर पाहिलेली. तीच कापडावर आली तर ओळखू आली नाही. आणि गावातल्या प्रत्येक दारापुढे तिजेपासून ती असताना आपल्या दारापुढे का नाही, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. बायका मागच्या दाराने आल्या तेव्हा त्यांनी तिला काय विचारलं असेल, हेही नाही.

मनी पडद्याच्या काठावर बसून बघत होती. द्वारका मान न वळवता तिला म्हणाली, "मने, अंगण आपलंच आहे. वर कुणी कापड अंथरलं म्हणून अंगण हटत नाही."

मी मुकाट्याने जाऊन पडलो. आणि काय सांगू, त्यानंतर खरोखरच झोप लागली.

पौर्णिमेच्या सकाळी अण्णा आले. फेटा, हातात काठी, मागे मिशी काढलेले तलाठी. अण्णा पायरीवर उभे राहिले आणि बघायला लागले. मग काठीने एक जागा दाखवली.

"मास्तर, ह्ये काय हाय?"

"कासव."

"हां. आन ह्ये?"

"हत्ती."

"बरं. आन ह्ये?"

माझी चार वर्षं, माझे पुढचे सगळे पडदे, सोमवारची फुलदाणी, सगळं त्या काठीच्या टोकाशी आलं होतं.

"फणी दिसतीया," तलाठी म्हणाले.

"मला बी तसंच दिसतंय. आवं मास्तर, मी वन सांगितलं हुतं. वनात फणी कुठनं आली? लोक हसतील की मला. राजा म्हनून मी हुबा ऱ्हानार, आन माझ्या मागं फणी आन करंडा!"

माझ्या ओठांवर आलं होतं, की अण्णा, हे बायकोने केलंय, संध्याकाळपर्यंत पुसून देतो. अगदी ओठांवर. तेवढ्यात द्वारका पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आली. पेले अण्णांच्या पुढ्यात ठेवले आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली,

"अण्णा, तुमची राणी वनात किती वर्षं राहते?"

"बारा," अण्णा म्हणाले.

"बारा वर्षं काय केस मोकळे सोडून बसली असेल? तुळस लावली नसेल? कुंकू लावायला करंडा लागला नसेल? राजाला काय, चौथ्या अंकात यायचंय. राहायचं तिला आहे."

तलाठी हळूच म्हणाले, "माझं सुदीक तेच म्हननं हुतं, अण्णा. तिसऱ्या अंकात राणीला कामच न्हाई. नुसतं रडायचं."

अण्णांनी पन्ह्याचा घोट घेतला. पुन्हा पडदा पाहिला. वहाणा काढल्या आणि कापडाच्या कडेकडेने चालत फणीपाशी गेले. उकिडवे बसले. साठ वर्षांच्या राजाचे गुडघे कटकन वाजले.

"आयला," ते म्हणाले, "सोडली म्हनून लिवलं मी. ऱ्हायली कशी, ते लिवलंच न्हाई." मग माझ्याकडे वळले. "मास्तर, पडदा झ्याक हाय. चारी गावं तुमची. पर खरं सांगा, ही अक्कल कुनाची? ह्यो हात तुमचा न्हाई. कुनी काढलं ह्ये?"

द्वारका माझ्याकडे बघत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, मधे मांजर नसताना.

आणि मी हसून म्हणालो, "कुणी काढणार, अण्णा? चैत्र आहे. पडद्याला पालवी फुटली."

अण्णा खो खो हसले, तलाठी हसले. गोष्ट गावभर झाली. पुढे चार गावांचे पडदे मिळाले, मग चाळीस गावांचे. सगळीकडे मला ही गोष्ट सांगायला लावायचे, आणि मी सांगायचो. गोष्ट मात्र सगळीकडे इथेच संपवायचो.

रेवा माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होती. तिची एक मैत्रीण, जाड चष्म्याची, म्हणाली, "म्हणजे तुम्ही आजींचं नाव सांगितलंच नाहीत?"

मला असे शेवट आवडत नाहीत. म्हणून मी घाईने पुढे म्हणालो, "अगं, गोष्ट संपली कुठे? त्या दिवशी चौघे गडी आले, पडदा बांबूला गुंडाळून खांद्यावर घेऊन गेले. अंगण मोकळं झालं. ही सडा घालायला बाहेर आली. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पैज मी जिंकलो होतो, मला काही म्हणायची गरज नव्हती. तरीसुद्धा मी म्हणालो, 'द्वारके, चुकलो.' तिने बादली खाली ठेवली, आणि अबोला सुटला."

"किती छान!" दुसरी मैत्रीण म्हणाली.

आत किसणीचा आवाज थांबला.

"खोटं," ही म्हणाली.

"आजी?"

"बाकीचं सगळं खरं आहे गं. पडद्याला पालवी फुटली, खरं. पांगाऱ्यावर कोकिळा बसली, असेल, तीही बसली असेल. पण तो शब्द हे म्हणाले नाहीत."

"अगं, म्हणालो होतो," मी म्हणालो. "जरा हळू म्हणालो असेन."

"हळू म्हणाला असतात तरी ऐकू आला असता," ती म्हणाली. "पंचावन्न वर्षं एक कान तिकडेच लावून बसले आहे मी."